लोणच्यातील घटक : कोणता वगळावा, कोणता वगळू नये

गोमंतकात पावसाळा जून महिन्यात सुरू होतो आणि सप्टेंबर अखेरपर्यंत टिकतो. या चार महिन्यांची तरतूद उन्हाळ्यातच करून ठेवण्याची आपल्याकडील रीत फार जुनी आहे. या तरतुदीला आपण 'पुरुमेंत' म्हणतो. तरतूद याच अर्थाच्या एका पोर्तुगीज शब्दावरून हा शब्द आपल्या बोलीत आला आणि कायमचा राहिला. सुकी मासळी, आमसुले, सुक्या मिरच्या, मीठ आणि लोणची ही पुरुमेंतातील मुख्य अंगे होत. पेडण्याकडील आगरवाडा व चोपडे भागातील मिठागरांचे मीठ आणि हरमलची मिरची ही तर लोणच्यासाठीच निर्माण झाली असावीत, असे वाटते. डिचोली तालुक्यात आंबा, फणस व आवाळा यांची वाण नाही. अशा मुलखात बरणीविना घर सापडणे कठीण.

प्रस्तुत लेखात आम्ही लोणच्याची कृती सांगणार नाही. ती आमच्या माताभगिनींना आमच्याहून अधिक चांगली अवगत आहे. आम्ही विचार करणार आहोत तो एका प्रश्नाचा. शाळेत नवव्या-दहाव्या इयत्तांना आम्ल व आम्लारी यांचा पाठ शिकविताना हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार येतो आणि घरोघरही तो विचारला जातो. तो प्रश्न असा : "अमुक वस्तू घातली नाही तर लोणचे चालेल काय?" कोणाला रक्तदाबामुळे मीठ कमी करावयाचे असते. कोणाला तेल नको असते. कोणाला विनागराचा वास सोसत नाही, तर कोणाला लसूण वर्ज्य असते. कधी एखादी वस्तू ऐनवेळी घरात नसते. या सर्वांना एकच उत्तर देता येत नाही. काही घटक वगळल्याने फक्त चव बदलते, काहींमुळे लोणचे लवकर खराब होते आणि काही घटक वगळल्यास खाणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडू शकते. हा भेद समजून घेणे हाच या पाठाचा हेतू होय.

लोणचे टिकते म्हणजे काय होते?

भाजी किंवा फळ नासते ते सूक्ष्म जीवांमुळे. हे जीव मुख्यतः तीन जातींचे असतात : बुरशी, किण्व म्हणजे यीस्ट, आणि जंतू. त्यांना वाढण्यासाठी पाणी लागते, अन्न लागते आणि भोवतालची आम्लता मानवणारी असावी लागते. बुरशीला हवाही लागते. अन्न तर भाजीतच असते, ते काढून घेता येत नाही. म्हणून लोणचे घालणारा मनुष्य बाकीच्या गोष्टींवर घाव घालतो. मिठाने तो पाणी अडवून धरतो, आंबट पदार्थाने आम्लता वाढवितो आणि तेलाने किंवा दडपणाने हवा दूर ठेवतो.

या दृष्टीने पाहता लोणच्यातील घटकांचे तीन वर्ग पडतात. मीठ आणि आम्ल हे पहिल्या वर्गात येतात. त्यांना आपण रक्षक म्हणू. मोहरी, हिंग, हळद, तेल हे साहाय्यक. ते रक्षकांना मदत करतात, पण एकट्याने किल्ला लढवू शकत नाहीत. तिखट, मेथी, लसूण, आले, जिरे ही मुख्यतः रुचीची मंडळी होत. कोणतीही वस्तू वगळण्यापूर्वी ती कोणत्या वर्गातील आहे, हे गृहिणीने प्रथम पाहिले पाहिजे.

दिसणारी नासाडी आणि न दिसणारी

बरणीत बुरशीचा पांढरा-काळा थर आला, फेस आला, फोडी लिबलिबीत झाल्या किंवा वास बिघडला, तर कोणीही ते लोणचे टाकून देईल. ही दिसणारी नासाडी. तिच्यात नुकसान पैशाचे आणि श्रमांचे. परंतु दुसरी नासाडी अशी आहे की तिला पुष्कळदा रंग नसतो, वास नसतो आणि चवही नसते. तिचे नाव बॉट्युलिझम.

हा विकार क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जंतूच्या विषाने होतो. जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतात बिघडलेल्या मांसाच्या सॉसेजमुळे माणसे दगावत, त्यांचा अभ्यास युस्टिनुस केर्नर नावाच्या वैद्याने १८२० च्या सुमारास प्रसिद्ध केला. सॉसेजला लॅटिन भाषेत 'बॉट्युलस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पुढे १८९५ साली बेल्जममधील एका गावात खारवलेले मांस खाल्ल्याने वादक मंडळी आजारी पडली, तेव्हा एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्यामागील जंतू शोधून काढला.

या जंतूचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात. म्हणजे गाजर, मुळा, लसूण, बांबूचे कोंब, अळमी अशा मातीशी संबंध येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ते असू शकतात. नुसते पोटात गेल्याने मोठ्या माणसाला सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो बंद, हवा नसलेल्या, कमी आंबट आणि कमी खारट अशा जागी ते रुजून विष निर्माण करतात तेव्हा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे बीजाणू पाणी उकळण्याच्या उष्णतेला, म्हणजे १०० अंशांना, दाद देत नाहीत. त्यांना मारण्यासाठी वाफेच्या दाबाखाली सुमारे १२१ अंश उष्णता लागते. याउलट त्यांनी निर्माण केलेले विष मात्र ८५ अंशांहून अधिक उष्णतेत पाच मिनिटे ठेवल्यास नष्ट होते. पण लोणचे कोण उकळून खातो? ते बरणीतून थेट पानात येते. म्हणून लोणच्याच्या बाबतीत विष उत्पन्न होऊच न देणे एवढाच मार्ग उरतो.

हा विकार विरळा आहे, यात शंका नाही. पण तो केवळ परदेशचा आहे, असे समजू नये. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी आजारी पडले आणि त्यांतील तिघे दगावले. शेवेसारख्या साध्या पदार्थातून तो प्रकार झाला होता आणि त्यामागे याच कुळातील एका जंतूचे विष होते. आमच्या विषयाशी अधिक जवळचे उदाहरण थायलंडचे. २००६ च्या मार्च महिन्यात तेथील नान प्रांतात एका धार्मिक समारंभात घरगुती रीतीने डब्यात बंद केलेले बांबूचे कोंब वाढले गेले. ते खाऊन २०९ माणसे आजारी झाली आणि ४२ जणांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. वैद्यकीय मदत वेळेवर मिळाल्याने कोणी दगावले नाही. बांबूचे कोंब, ज्यांना आपण किल्ल म्हणतो, ते आपल्याकडेही पावसाळ्यात आवडीने खाल्ले जातात आणि खाऱ्या पाण्यात घालूनही ठेवले जातात. म्हणून ही हकीकत आपण परकी मानू नये.

मीठ

मीठ पाण्याला धरून ठेवते. त्यामुळे पाणी असूनही जंतूंना ते मिळत नाही. खाऱ्या पाण्यात मिठाचे प्रमाण सुमारे १० टक्के झाले म्हणजे वर सांगितलेला जंतू वाढू शकत नाही. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत, मीठ हेच मुख्य रक्षक असलेल्या खाऱ्या पाण्यातील लोणच्यास किमान १२ टक्के मीठ सांगितले आहे, ते याच कारणाने. दोन टक्के अधिक ठेवले म्हणजे मोजण्यात थोडी कसर राहिली तरी भागते.

आता थोडे गणित करून पाहू. एक किलो भाजीत सुमारे ९०० ग्रॅम पाणी असते. त्यात १०० ग्रॅम मीठ घातले, तर मीठ व पाणी मिळून १००० ग्रॅम होतात आणि मिठाचे प्रमाण बरोबर १० टक्के येते. १२ टक्के आणावयाचे असल्यास सुमारे १२३ ग्रॅम मीठ लागेल. आता कोणी "थोडे कमी घालू" म्हणून ६० ग्रॅमच घातले, तर प्रमाण ६.२५ टक्क्यांवर येते. मीठ निम्म्याने कमी झाले, एवढेच गृहिणीला दिसते. जंतूच्या दृष्टीने मात्र बंद दार उघडले गेलेले असते. शिवाय वरून पाणी घालावयाचे असेल, तर त्या पाण्याचेही मीठ वेगळे मोजले पाहिजे. भाजीचे मीठ भाजीला आणि पाण्याचे मीठ पाण्याला, हा हिशेब विसरू नये.

मूठ किंवा वाटी हे माप येथे दगा देते. आगराच्या जाड्या मिठाची एक वाटी आणि बारीक दळलेल्या मिठाची एक वाटी यांचे वजन सारखे नसते. जाड्या खड्यांच्या मधे पोकळी राहते, म्हणून ती वाटी हलकी भरते. आजीने जाड्या मिठाच्या मापाने सांगितलेली कृती नात बारीक मिठाने करते, किंवा बारीक मिठाची कृती जाड्या मिठाने करते, तेव्हा प्रमाण बदलते. यास्तव मीठ तराजूने तोलावे. आयोडीनयुक्त मीठ वापरल्याने रंग थोडा बदलला तरी सुरक्षिततेला बाध येत नाही.

चेपणीची तोरे हा आपल्याकडील मिठाच्या लोणच्याचा उत्तम नमुना होय. कोवळे आंबे मिठाचे थर देऊन बरणीत भरतात, वर वजन ठेवून चेपतात, आणि आंब्यांचे स्वतःचे पाणी सुटून ते त्यात बुडतात. येथे मीठ, आंब्याचे आम्ल आणि चेपण असे तिघे पहारेकरी एकदम उभे असतात. म्हणूनच अशी तोरे दीर्घ काळ टिकतात.

आम्ल

आम्लता मोजण्याच्या मापास शास्त्रात सामू म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा जितका कमी, तितका पदार्थ अधिक आंबट. आणि येथे एक आकडा उतरला म्हणजे आम्लता दसपट वाढते, हे विद्यार्थ्यांना नेहमी आश्चर्याचे वाटते. वर सांगितलेला जंतू ४.६ या सामूच्या खाली वाढू शकत नाही. सर्व जगात घरगुती व कारखान्यातील बाटलीबंद अन्नासाठी हीच सीमारेषा मानतात.

लिंबाच्या रसाचा सामू २ च्या थोडा वर असतो. विनागराचा साधारण २.५ ते ३.५ च्या दरम्यान. कैरी, चिंच, आवाळा, बिंबल ही सर्व आंबट मंडळी सीमारेषेच्या पुष्कळ खाली बसतात. याउलट गाजर, फ्लॉवर, फरसबी, हिरवी मिरची, लसूण, बांबूचे कोंब यांचा सामू ५ ते ६.५ च्या आसपास, आणि अळम्यांचा तर ६ च्याही वर असतो. ही सर्व मंडळी सीमारेषेच्या पलीकडची, म्हणजे धोक्याच्या बाजूची.

येथेच आपल्याकडील सर्वांत मोठा गैरसमज दडलेला आहे. कैरीचे मिसकूट पिढ्यान्‌पिढ्या घातले जाते आणि ते बिघडत नाही. कैरीत आंबट वेगळे घालावे लागत नाही, कारण ती स्वतःच आंबट आहे. हे पाहून कोणी त्याच मसाल्यात, त्याच रीतीने, गाजर किंवा अळमी घालते आणि "आंब्याला चालते ते गाजराला का चालू नये?" असे म्हणते. आंब्याला चालते कारण आम्ल आंब्यातच असते. गाजराला ते बाहेरून द्यावे लागते. कैरीच्या लोणच्यात मीठ थोडे कमी पडले, तर बुरशी येईल, फेस येईल, लोणचे वाया जाईल. पण गाजर, किल्ल किंवा अळमी यांत मीठही कमी आणि आंबटही नाही, असे झाले तर परिणाम याहून गंभीर होऊ शकतो.

विनागराच्या बाबतीतही हिशेब हवा. आपल्या देशातील नियमांप्रमाणे विकत मिळणाऱ्या विनागरात अॅसेटिक आम्ल किमान ३.७५ टक्के असावे लागते, आणि विनागरातील लोणच्याच्या द्रवात ते किमान २ टक्के असावे लागते. आता ३.७५ टक्क्यांच्या विनागरात तेवढेच पाणी मिसळले, तर उरतात १.९ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे भाजी आत पडण्यापूर्वीच आपण नियमाच्या खाली आलो. त्यावर भाजीचे स्वतःचे पाणी सुटून ते आणखी सौम्य होणार, ते वेगळेच. अमेरिकेतील पुस्तकांतल्या कृती ५ टक्क्यांच्या विनागराला धरून लिहिलेल्या असतात. त्या कृती आपल्याकडील सौम्य विनागराने कराव्यात आणि वर "आंबट फार होते" म्हणून पाणी वाढवावे, हे दुहेरी चुकीचे आहे. आंबटपणा जिभेला फार वाटत असेल, तर थोडी साखर किंवा गूळ घालावा. त्याने चव सौम्य होते, पण आम्ल कमी होत नाही. पाणी घातल्याने मात्र दोन्ही कमी होतात.

माडाच्या सुरेपासून घरी केलेले विनागर चवीला सर्वांत सरस, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याचा जोर प्रत्येक घरी आणि प्रत्येक खेपेला वेगळा असतो. ताजे खाण्यासाठी किंवा शिजविण्यासाठी ते उत्तम. महिनोन्‌महिने बाटलीत ठेवावयाच्या भाजीसाठी मात्र ज्याच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली आहे, असेच विनागर घ्यावे.

सुरेपासून झालेले म्हणून काही मुसलमान घरांत, आणि काही हिंदू घरांतही, हे विनागर वापरीत नाहीत. हा ज्याच्या त्याच्या घरच्या आचाराचा प्रश्न आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ते वगळले तर त्याच्या जागी दुसरे आम्ल आले पाहिजे, जागा रिकामी राहता कामा नये. उसाचे किंवा जांभळाचे विनागर चालेल. ताज्या लिंबाच्या रसात सुमारे ५ ते ६ टक्के सायट्रिक आम्ल असते, तोही चालेल. लिंबाच्या रसातील लोणच्यास, आम्ल हेच मुख्य रक्षक असल्यास, नियमांत किमान १.२ टक्के आम्लता सांगितली आहे. आमसूल किंवा चिंच यांचा आंबटपणा मात्र मालागणिक बदलतो. सांबाऱ्यात व कढीत त्यांना तोड नाही, पण कमी आंबट भाजी टिकविण्याचे काम केवळ त्यांच्या भरवशावर सोपवू नये.

तेल

तेलाविषयी दोन टोकाची मते आढळतात. एक मत असे की तेल वर आले म्हणजे लोणचे सुरक्षित झाले. दुसरे असे की तेल ही केवळ चैन आहे, ते वगळले तरी चालते. दोन्ही मते अर्धवट आहेत.

तेल जंतूंना मारीत नाही. ते हवा अडविते. बुरशीला हवा लागते, म्हणून तेलाखालील फोडींवर बुरशी येत नाही. कैरीच्या लोणच्यात तेल कमी पडले आणि फोडी उघड्या राहिल्या, तर बुरशी येते, हा सर्वांचा अनुभव आहे. ही बुरशी केवळ वरवर असते, असेही समजू नये. ती लोणच्यातील आम्ल खाऊन टाकते, आम्लता उतरते आणि मग इतर जंतूंना वाट मिळते. म्हणून वरची बुरशी काढून खालचे लोणचे खाण्याची रीत सोडून दिली पाहिजे.

परंतु बॉट्युलिझमच्या जंतूला हवा नकोच असते. मीठ आणि आम्ल पुरेसे नसताना भाजी तेलात बुडविली, तर आपण बुरशीला घालवून त्याहून वाईट पाहुण्याला घर करून दिले, असे होते. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर शहरी एका उपाहारगृहात चिरलेली लसूण नुसत्या तेलात घालून, थंड जागी न ठेवता वापरली गेली. तीमुळे ३६ जणांना हा विकार झाला. १९८९ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात तशाच लसणीने आणखी तिघे आजारी पडले. त्यानंतर तेथील सरकारने अशा पदार्थात आम्ल घालणे आवश्यक ठरविले. आपल्याकडील लसणीच्या लोणच्यात लिंबाचा रस किंवा विनागर घालतात, तो केवळ चवीसाठी नव्हे, हे यावरून ध्यानी येईल. तेल कमी करावयाचे असेल, तर मीठ व आम्ल पूर्ण ठेवून, फोडी द्रवात बुडतील अशी व्यवस्था करावी. रस किंवा आम्ल वगळून नुसते तेल मात्र कधीही ठेवू नये.

मसाला

फेसलेल्या मोहरीत एक तिखट, उडून जाणारे तेल असते, ते बुरशी व किण्व यांना आवर घालते. हिंग, हळद, मेथी यांचाही थोडाफार उपयोग होतो. परंतु ही मदत आहे, हमी नव्हे. म्हणून यांपैकी काही वगळल्यास लोणच्याची चव जाईल, कदाचित टिकण्याचा काळ थोडा कमी होईल, पण मीठ व आम्ल प्रमाणात असतील तर भीती नाही. ज्यांना लसूण वर्ज्य आहे, त्यांनी ती खुशाल वगळावी. वस्तुतः लसूण ही कमी आंबट वस्तू असल्याने ती वगळून काही बिघडत नाही. ती अधिक घालावयाची असेल तेव्हाच आम्ल वाढवावे लागते. तिखटाचेही तसेच. हिंगाची धुरी बरणीला द्यावी, न द्यावी, हा आवडीचा प्रश्न आहे.

बाजारात मिळणाऱ्या सोडियम बेंझोएटविषयी एक शब्द. आम्लयुक्त पदार्थात ते बुरशी व किण्व यांना रोखते. आम्ल नसेल, तर त्याचा प्रभाव जवळजवळ राहत नाही. म्हणून मीठ किंवा आम्ल कमी करून त्याची भरपाई या पुडीने होईल, ही समजूत चुकीची आहे.

न लिहिले जाणारे घटक

कृतीच्या यादीत नसलेले, पण वगळले तर तितकेच नडणारे घटकही आहेत. पहिला घटक ऊन. मीठ लावलेल्या फोडींना ऊन दिल्याने त्यांतील पाणी कमी होते आणि उरलेल्या पाण्यात मिठाचे व आम्लाचे प्रमाण वाढते. ढगाळ दिवस आला म्हणून ऊन वगळले, तर पाणी अधिक राहिले, हे ओळखून मीठ पुरते ठेवावे. दुसरा घटक कोरडेपणा. ओला चमचा किंवा ओली बरणी म्हणजे लोणच्यात घातलेले बिनमिठाचे पाणीच होय. तिसरा घटक चेपण किंवा वजन; ते वगळल्यास फोडी वर तरंगतात. चौथा घटक वेळ. मीठ व आम्ल फोडीच्या गाभ्यापर्यंत पोहोचण्यास काही दिवस लागतात. म्हणून फोडी लहान कराव्यात, आणि मिरची किंवा गड्डे अखंड घालावयाचे असल्यास त्यांना चीर द्यावी.

भांड्यांविषयीही सावध असावे. डिचोलीचे कुंभारकाम प्रसिद्ध आहे आणि पाणी थंड ठेवण्यास मातीचे भांडे उत्तम. पण लोणच्यास चिनीमातीची किंवा काचेचीच बरणी घ्यावी. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवल्यास धातू त्यात उतरतो आणि तो विषारी असतो.

अलीकडे झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बाटल्या भरून त्या पाण्यात उकळण्याची पद्धत आपल्याकडेही आली आहे. अन्न बंद करून उष्णता देण्याची ही युक्ती फ्रान्सच्या निकोला आपेर याने १८१० साली ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. आंबट लोणच्यास ही पद्धत चांगली. परंतु आम्ल वगळलेल्या भाजीच्या बाटलीस उकळल्याने उलट अपाय होतो. उकळण्याने इतर जंतू मरतात, हवा निघून जाते आणि जिवंत राहिलेल्या बीजाणूंना मोकळे रान मिळते. घरातील भात शिजविण्याच्या कुकरात शिट्ट्या मोजून हे काम भागेल, असेही मानू नये.

रक्तदाब असणाऱ्यांनी काय करावे?

हा प्रश्न आज घरोघर आहे, आणि तो टाळून चालणार नाही. घरातील वडीलधाऱ्यांना डॉक्टर मीठ कमी करण्यास सांगतात. मुले-सुना प्रेमाने त्यांच्यासाठी वेगळी, कमी मिठाची बरणी घालतात आणि ती इतर बरण्यांच्या शेजारी महिनोन्‌महिने ठेवतात. हेतू चांगला असला, तरी उपाय योग्य नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगितले आहे. १२ टक्के मिठाच्या लोणच्याच्या १० ग्रॅम फोडीतून १.२ ग्रॅम मीठ पोटात जाते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ चौथा हिस्सा. तीच फोड अर्धी केली, तर ०.६ ग्रॅम. म्हणून आमचे सांगणे असे की, बरणीतील मीठ कमी करू नये, पानातील लोणचे कमी करावे. ज्यांना डॉक्टरांनी लोणचे अजिबात मना केले आहे, त्यांच्यासाठी लिंबू पिळून, मोहरी फेसून, ताजे लोणचे थोडेसे करावे. ते फ्रीजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. त्याला लोणच्याची चव असली, तरी ती एक कोशिंबीरच आहे, असे समजून वागावे. बाजारातील कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये.

ध्यानात ठेवावयाचे नियम

१. भाजी आंबट आहे की नाही, हे प्रथम ठरवावे. कैरी, लिंबू, आवाळा यांचा नियम गाजर, किल्ल, अळमी, लसूण यांना लावू नये.

२. मीठ व आम्ल यांपैकी एक कमी करावयाचे असल्यास दुसरे पूर्ण प्रमाणात असले पाहिजे. दोन्ही एकदम कमी करू नयेत.

३. मीठ तोलावे, विनागराची टक्केवारी वाचावी, आणि कृतीत नसलेले पाणी घालू नये.

४. मसाला आवडीप्रमाणे वगळावा किंवा बदलावा.

५. भाजी द्रवाच्या किंवा तेलाच्या खाली बुडालेली असावी. पण तेलाला रक्षक समजू नये.

६. झाकण फुगलेले, उघडताना वायू सुटणारे किंवा बुरशी आलेले लोणचे चाखूनही पाहू नये. टाकून द्यावे, आणि गुराढोरांनाही घालू नये.

७. शंका असल्यास सामू मोजणाऱ्या कागदाने पाहावे. हा कागद शाळांच्या प्रयोगशाळांत असतो व बाजारातही मिळतो. पाच-सहा दिवसांनी फोड द्रवासह कुटून मग मोजावे, कारण वरचा द्रव आंबट असला तरी गाभा तसा असेलच असे नाही. साधा लिटमस कागद या कामास पुरेसा नाही.

आणि शेवटी एक सूचना, जी प्रत्येक घरी माहीत असावी. बंद ठेवलेले अन्न खाल्ल्यानंतर, बहुधा १२ ते ३६ तासांत, पण कधी काही दिवसांनीही, एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळू लागले, गिळता येईना आणि अशक्तपणा वरून खाली उतरू लागला, तर घरगुती उपाय करीत बसू नये. रोगी शुद्धीवर असतो आणि ताप सहसा नसतो, त्यामुळे दुखणे साधे वाटते. १०८ क्रमांकास कळवून त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे, काय खाल्ले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि उरलेले अन्न झाकून बरोबर न्यावे. या विषावर उतारा आहे, पण तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी.

आज आपल्या तालुक्यांतील अनेक भगिनी स्वयंसाहाय्य गटांच्या द्वारे लोणची करून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि जत्रांतून विकतात. ही आनंदाची गोष्ट आहे. घरची बरणी दहा माणसे खातात, विक्रीची बरणी शंभर घरी जाते. म्हणून विक्रेत्या भगिनींनी अन्नसुरक्षेची नोंदणी करून घ्यावी, आणि प्रत्येक खेपेस मीठ व विनागर किती घातले, याची वहीत नोंद ठेवावी. एखादे गिऱ्हाईक "कमी मीठ घाला" किंवा "विनागर नको" म्हणाले, तर त्याला नाही म्हणण्याचे धैर्यही ठेवावे आणि त्याचे कारण समजावून सांगावे.

आपल्या आजी-पणज्यांनी सामूचे नाव ऐकलेले नव्हते. तरीही त्यांची लोणची टिकत, कारण त्या मीठ आणि आंबट यांच्या बाबतीत हात आखडीत नसत. त्यांनी अनुभवाने जे ठरविले, त्यामागील कारण आज आपणांस कळले आहे. ते कारण आपल्या मुलींना, आणि मुलांनाही, बरणी भरतानाच सांगितले, तर या पाठाचा हेतू सफल झाला, असे आम्ही समजू.